सही बापाची, रडू पोरीचं

लान नदीकाठच्या वेट्झलारमध्ये राहायचं आणि कॅमेऱ्याचा नाद लागू द्यायचा नाही, हे अवघडच. फ्रांकफुर्टच्या उत्तरेला असलेलं हे पन्नासेक हजार वस्तीचं गाव भिंगांवर वाढलं. सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी आणि कॅमेरे घडवणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जुन्या गावातल्या आयझेनमार्क्ट या चौकात पाहुणे एका ठरावीक जागी उभे राहून तोच तो फोटो घेताना दिसतात, कारण ऑस्कर बारनाक याने आपल्या नव्या इवल्या कॅमेऱ्याने अगदी सुरुवातीच्या काळात तिथे फोटो काढला होता.

बारनाक हा इथल्या लाइट्झच्या कारखान्यातला यंत्रज्ञ. फोटोग्राफी हा त्याचा धंदा नव्हता, छंद होता. आधी येना इथे नोकरीला असताना तो थ्युरिंगियाच्या जंगलात भटकायला जायचा, पाठीवर काचेच्या प्लेटा आणि लाकडी कॅमेऱ्याचं ओझं घेऊन. त्यात त्याला दमा. चढावर धाप लागायची. तेव्हा त्याने सिनेमाची फिल्म घेतली, ती आडवी चालवली, तिच्या दोन चौकटींची एक चौकट केली, २४ बाय ३६ मिलिमीटरची, आणि १९१४च्या सुमारास कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. त्यातून त्याने काय टिपलं? आपली मुलं, सहली आणि १९२० साली लान नदीला आलेला पूर. १९२५मध्ये लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात हाच कॅमेरा ‘लायका’ या नावाने जगापुढे आला. बारनाक स्वतः वापरायचा तो त्याच्या थोड्या आधीच्या काळातला एक कॅमेरा २०२२ साली लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. दम्याने हैराण झालेल्या एका हौशी माणसाने जगाला केवढं देऊन ठेवलं, असं तो आकडा वाचताना माझ्या मनात आलं.

पण या कॅमेऱ्याने आणखीही एक गोष्ट केली. तोवर फोटो काढायचा म्हणजे बहुतेक वेळा तिकाटणं उभं राहायचं, काळं फडकं डोक्यावर घेतलं जायचं आणि समोरचा माणूस केस विंचरून, श्वास रोखून बसायचा. आपला फोटो निघतोय हे त्याला ठाऊक असायचं. कॅमेरा खिशात गेला आणि ही खबर देणारं काहीच उरलं नाही.

आमच्या दादांची गोष्ट इथून सुरू होते. दादा मूळचे तासगावचे. इंजिनिअर होऊन जर्मनीत आले, लग्नानंतर वेट्झलारला स्थिरावले. मंडळाच्या गणपतीत आरती कुणीही म्हणो, फोटो दादांचेच. फार मोठा कॅमेरा नाही, पण डोळा चांगला. सुट्टीत ऱ्हाइनच्या काठाने फिरावं, मारबुर्गच्या चढत्या गल्ल्यांत तासन्‌तास उभं राहावं, नाताळच्या बाजारात वाफाळत्या पेल्याआडचे चेहरे टिपावेत. घरी एकुलती एक लेक. ती जन्मल्या दिवसापासून तिचं पहिलं पाऊल, पहिली सायकल, पडलेला दात, सगळं दादांच्या डिस्कवर तारीखवार लावलेलं.

लेक मोठी झाली आणि हँडबॉल खेळायला लागली. वेट्झलारचा संघ वर्षानुवर्षं देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळला आहे. त्यामुळे या भागात पोरांना हँडबॉलचं वेड लागायला वेळ लागत नाही. तिचा क्लब शेजारच्या गावातला, लहानसा. शनिवारी सामना असला की दादा कॅमेरा घेऊन हॉलमध्ये.

हॉलमधला खेळ टिपणं फार कठीण. जुन्या नळीदिव्यांचा प्रकाश सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरत्या उघडणाऱ्या शटरला कळतं. एक फोटो पिवळा येतो, लगेचचा दुसरा निळसर आणि अंधारा. सुरुवातीला दादा चेंडूमागे धावायचे आणि हाती काही लागायचं नाही. मग त्यांनी गोलरक्षक मुलीकडे बघायला सुरुवात केली. तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच गोल आणि समोरून सहा-सात मीटरवरून येणारा चेंडू. ती मुलगी तो सुटायच्या अगदी आधी टाचा उचलायची, आणि मग दोन्ही हात, दोन्ही पाय एकदम चारी दिशांना फाकायचे. दादा तिच्या टाचांवर डोळा ठेवू लागले. टाचा उठल्या की बोट दाबायचं. फोटो जमू लागले. क्लबच्या फलकावर लागू लागले. पोरी येऊन बघायच्या, आपापला शोधायच्या.

मग तो सामना झाला. वयोगटातल्या स्पर्धेचा शेवटचा सामना, बरोबरी, घड्याळात काही सेकंद आणि समोरच्या संघाला सात मीटरवरून मोकळा फटका मिळाला. गोलरक्षक मुलगी उजवीकडे झेपावली. चेंडू डावीकडून आत गेला. समोरच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, हिच्या संघातल्या मैदानाच्या मध्यावर जमल्या, आणि ही एकटी खांबाला पाठ लावून खाली बसली. जर्सीची कॉलर ओढून तिने नाकापर्यंत घेतली. वर फक्त डोळे. दादांनी फोटो घेतला.

मी तो पाहिला आहे, म्हणून सांगते, फार मोठा फोटो होता तो. मागे अंधुक झालेला जल्लोष, जाळीत अजून पुरता न थांबलेला चेंडू आणि पुढे ते दोन डोळे. एखाद्या व्यावसायिकाने आयुष्यभर वाट पाहावी असा. क्लबच्या वर्धापनाला नगरपालिकेच्या दालनात प्रदर्शन भरायचं होतं. प्रशिक्षकांनी तो पाहिला आणि म्हणाले, दारासमोरच्या भिंतीवर हाच, सगळ्यात मोठा. दादांनी स्वतःच्या पैशाने मोठी प्रत छापून आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवली.

त्या दिवसांत दादांच्या आई तासगावहून आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

“लई चांगला निघालाय. या पोरीला दावलास?”

“अगं, क्लबात नाव घालतानाच तिच्या वडिलांनी सही केलीय. फोटो काढायला, लावायला हरकत नाही म्हणून. सगळ्यांकडून घेतात.”

“बापानं सही केली व्हय,” आई म्हणाल्या. “पण रडलीय ती.”

दादा काहीतरी बोलणार होते. आईंनी बोलू दिलं नाही. त्यांनी वडिलांच्या वेळची गोष्ट काढली. आपल्याकडे गावोगावी माणूस गेला की फोटोग्राफर बोलावत. तिरडीभोवती घरची मंडळी बसत आणि अखेरचा फोटो निघे. दादांचे वडील गेले तेव्हाही भावकीतल्या कुणीतरी तो बोलावला होता. आईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं, दिवसाचे पैसे देऊन. भावकी नाराज झाली. आईंचं म्हणणं एवढंच होतं की आजारपणात त्यांचं तोंड पार ओढून गेलं होतं, आणि तसं कुणी बघावं हे त्यांना कधी आवडलं नसतं. “आता त्यांना इचारता येत न्हवतं. म्हून मी इचार केला, ते काय म्हणले असते.” घरात आज लावलेला फोटो वेगळा आहे: ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो, त्या रथाचा दोर धरलेले, गुलालाने माखलेले वडील. तो फोटो निघताना ते कॅमेऱ्याकडे बघून हसले होते.

दादांचं मन खाऊ लागलं. तरीही माणूस आधी कागदाचा आधार शोधतो. ते क्लबच्या चिटणीस बाईंकडे गेले. बाई निवृत्त शिक्षिका, इतिहास शिकवलेला. त्यांनी फाइल काढून सही दाखवली. कागद बरोबर होता. मग त्यांनी कागदामागची हकीकत सांगितली. ही मलाही ठाऊक नव्हती.

३० जुलै १८९८च्या रात्री, हांबुर्गजवळच्या फ्रीड्रिक्सरूह इथल्या घरी बिस्मार्क वारला. जर्मनीचं साम्राज्य उभारणारा पोलादी चॅन्सेलर. काही तासांतच हांबुर्गचे दोन फोटोग्राफर, विली विल्के आणि माक्स प्रीस्टर, खिडकीतून त्या खोलीत शिरले. उशी सारखी केली, मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड केला आणि मृतदेहाचा फोटो घेऊन पसार झाले. फोटो विकायला काढला तेव्हा घरच्यांना कळलं. दोघे तुरुंगात गेले, फोटो जप्त झाला. पण न्यायालयापुढे पेच होता: माणसाचा स्वतःच्या छबीवर हक्क आहे असं सांगणारा कायदाच देशात नव्हता. १८९९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला बेकायदा घरात घुसण्याच्या मुद्द्यावर निभावून न्यावं लागलं. ती उणीव भरून काढायला १९०७मध्ये कायदा झाला. त्याचं २२वं कलम सांगतं की माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय लोकांपुढे मांडता येत नाही. आणि तो वारला तर पुढची दहा वर्षं त्याच्या जवळच्यांना विचारावं लागतं. म्हणजे तासगावच्या एका बाईने दारात उभं राहून जो विचार केला, तोच.

कायद्याने वाटाही ठेवल्या आहेत. मोर्चा, सभा, जाहीर घडामोडी, निसर्गाच्या चित्रात ओघाने आलेली माणसं, यांना सूट आहे. ती हवीच. भर सभेत खोटं बोलणाऱ्या पुढाऱ्याला विचारून फोटो काढायचा म्हटलं तर वर्तमानपत्रं बंद करावी लागतील. पण चौदा वर्षांची मुलगी पुढारी नसते. चिटणीस बाई म्हणाल्या, या वयाच्या मुलांना समज असते, तेव्हा फक्त आईबापांची सही धरून चालू नये, मुलीलाही विचारावं असंच आता मानतात. “आणि सही केली त्या दिवशी हा फोटो कुठे होता?”

हे वेट्झलारमध्ये घडावं यात मला एक संगती दिसते. कालिदासाच्या शाकुंतलावर भाळलेला महाकवी गटे आपल्याला माहीत असतो. तोच गटे १७७२च्या उन्हाळ्यात, वकिलीच्या उमेदवारीसाठी, या गावात राहिला. तेव्हा साम्राज्याचं वरिष्ठ न्यायालय इथे होतं. इथे शार्लोट बुफ या मुलीवर त्याचा जीव जडला; तिचं लग्न केस्टनर नावाच्या सज्जन माणसाशी ठरलेलं होतं. गटे निघून गेला. त्यानंतर इथल्याच जेरुसलेम नावाच्या तरुण वकिलाने केस्टनरकडून मागून नेलेल्या पिस्तुलाने आत्महत्या केली. गटेने हे सारं घेतलं आणि १७७४मध्ये वेर्थरची कादंबरी लिहिली. युरोप वेडा झाला. आणि शार्लोट व केस्टनर या दोघांना जो तो ओळखू लागला. केस्टनरने पत्रातून आपली नाराजी कळवली. कादंबरीतला अल्बर्ट म्हणजे आपणच, आणि असा कोरडा, हे त्याला फार लागलं होतं. कादंबरी अजरामर आहे, ती लिहिली जायला हवीच होती असं मीही म्हणते. पण केस्टनरचं दुःखही खरं होतं, आणि थोर कलाकृतीखाली ते बुजत नाही.

दादा प्रत गुंडाळून मुलीच्या घरी गेले. आधी फोन केला, कशासाठी येतोय ते सांगितलं. वडील फोटो पाहून खूश झाले. मुलगी काही बोलेना. तिने तो टेबलावर उलगडला, चारी कोपऱ्यांवर पेले ठेवले आणि बघत राहिली. मग तिने दादांना विचारलं, तुम्ही कुठे होतात? दादांनी सांगितलं, गोलच्या मागे, डाव्या कोपऱ्यात.

“मला वाटलं होतं, त्या वेळी माझ्याकडे कुणी बघत नाहीये,” ती म्हणाली. “फोटो छान आहे. पण लावू नका.”

वडील समजावू लागले. दादांनी त्यांना थांबवलं. प्रत तिलाच दिली, संगणकावरची फाइल तिच्या परवानगीवाचून कुणाला दाखवणार नाही असं सांगितलं आणि निघाले. मला तो त्यांनी दाखवला तो खूप नंतर, तिला विचारून.

प्रशिक्षक चिडले. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. हार लपवायची कशाला? खेळ शिकवायचा म्हणजे हेच शिकवायचं की हरलेला माणूसही बघण्याजोगा असतो. प्रदर्शनात नुसते चषक लावले तर पोरं काय शिकतील? फोटोबद्दल ते शंभर टक्के बरोबर होते. पण तो धडा त्या मुलीच्या चेहऱ्यावर लिहायचा की नाही हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं, दादांच्याही नव्हतं. दारासमोरच्या भिंतीवर शेवटी संघाच्या बुटांचा फोटो लागला. बरा होता. लोक त्याच्यापुढे फार थांबले नाहीत. दादांना याचं वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

पुढच्या हंगामात दादांनी एक पद्धत सुरू केली. सामना झाला की लॅपटॉप बाकावर ठेवायचा आणि पोरींनी स्वतः फोटो बघायचे. नको असेल त्यावर खूण. पहिल्या दिवशी त्यांनी निम्मे उडवले. हळूहळू उडवणं कमी झालं. दादा सांगतात, पुढे पुढे पोरी कॅमेऱ्यासमोर आक्रसायच्या थांबल्या. पट्टी बांधलेला गुडघा, उसवलेली जर्सी, हरल्यावरची चिडचिड, सगळं आपण होऊन दाखवू लागल्या.

इथवर सगळं क्लबात होतं. एका संध्याकाळी लेक लॅपटॉप घेऊन दादांसमोर बसली. म्हणाली, बाबा, आता माझे.

बारा-तेरा वर्षांचे फोटो. तिने यादी करून आणली होती. डिस्कवर असू देत, पण सगळ्यांकडे गेलेले काही नकोत: न्हाणीतला, तोंडभर गोवर उठलेला, किंडरगार्टनच्या दारात भोकाड पसरलेला. हे सारे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेलेले होते, जिथे तासगाव, सांगली, पुणे, ठाणे आणि दोन मेलबर्नचे असे सगळे नातेवाईक. कौतुकानेच पाठवलेले. दूर राहणाऱ्या माणसाला आपलं पोर आपल्या माणसांच्या नजरेसमोर वाढावं असं वाटतं, त्यात वावगं काही नाही. आजी-आजोबांना बाळाचा हात धरता येत नाही, निदान फोटो तरी. पण न्हाणीतला फोटो बघणाऱ्यांत आता तिचे सोळा-सतरा वर्षांचे चुलतभाऊही होते, आणि तेच तिने सांगितलं.

परक्या पोरीच्या घरी जाणं सोपं होतं, असं दादा म्हणतात. हे फोन कठीण. मामांनी हसण्यावारी नेलं, पण काढले. आत्या दुखावली. दादांची ती थोरली बहीण, पोरीच्या जन्माच्या वेळी तीन महिने येऊन राहिलेली.

“आपल्याच पोरीचे फोटो पुसायचे? जर्मनीत राहून तुम्ही नात्याला पण कायदे लावायला लागलात का रे?”

“ताई, कायद्याचं नाही. ती म्हणतेय.”

“ती काल जन्मली!”

तेव्हा पुन्हा आलेल्या आईंनी फोन घेतला. आत्याशी त्या काय बोलल्या ते दादांना ऐकू आलं नाही. दार लोटून बोलल्या. फोन परत आला तेव्हा आत्याचा आवाज उतरला होता. पुसते म्हणाली. पण एक अट घातली: मग माझ्याजवळ ठेवायला एक तरी फोटो तिने स्वतः निवडून पाठवावा.

लेकीने दोन दिवस घेतले. दादांनी मनात दोन-तीन ठरवून ठेवले होते: दिवाळीच्या परकर-पोलक्यातला, लानच्या पुलावरचा, केस उडालेला. तिने निवडला तो दादांनी कधीच बाजूला टाकलेला फोटो. हॉलमधला, किंचित हललेला, त्यातही पिवळा. ती सहा मीटरच्या रेषेवरून आत झेपावलीय, चेंडू हातातून सुटलाय, शरीर जमिनीला जवळजवळ समांतर, जबडा आवळलेला, एक डोळा मिटलेला. पुढच्याच क्षणी ती छातीवर आपटणार हे उघड दिसतं.

आत्याचा फोन लगेच आला. “अगं बाई, केवढ्यानं पडली ही! लागलं का गं?”

“पडले नाही आत्या,” लेक म्हणाली, “गोल झाला तो.”